आधी निर्णय, मग प्रसंग, सगळ्यात शेवटी सुरुवात: कथा बांधायची कशी

रविवारी सकाळी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण जमतो आणि एकमेकांच्या कथा वाचतो. नव्यानं येणाऱ्या बहुतेक कथा एकाच जागी फसतात. चार पानं झाली तरी नायक रंकाळ्याच्या कठड्यावर बसून मावळतीकडे बघत असतो. पाचव्या पानावर त्याचं बालपण सुरू होतं. आठव्यावर लेखकाच्या लक्षात येतं की शब्द संपत आले, म्हणून नवव्यावर कुणीतरी मरतं. भाषा बरी असते, निरीक्षणही असतं. चूक असते ती कामाच्या क्रमात. लेखक पहिल्या ओळीपासून लिहायला बसलेला असतो आणि कथा कुठं चाललीय हे त्यालाच ठाऊक नसतं.

मी स्वतः काही वर्षं हेच केलं. माझ्या एका कथेत पंचगंगेचं पाणी साडेतीन पानं चढत होतं आणि त्यात माणूस एकही नव्हता.

खालचा क्रम अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेसाठी आहे. सगळे टप्पे एकाच उदाहरणावर चालवले आहेत, म्हणजे नुसती सूत्रं पाठ करावी लागणार नाहीत.

## तयारी

पाठकोऱ्या कागदाच्या वीसेक चिठ्ठ्या, पेन्सिल आणि एक वही घ्या. पहिल्या चार टप्प्यांत लॅपटॉप उघडायचा नाही. पडद्यावर टाइप केलेलं वाक्य छापल्यासारखं दिसतं आणि ते खोडायला जीव होत नाही. चिठ्ठी फाडायला काही वाटत नाही.

दुसरी तयारी माहितीची. ज्या कामाच्या जागेवर कथा घडते, तिथं किमान एक दिवस काढा. आपलं उदाहरण गुऱ्हाळाचं आहे. घाण्यातून उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, येतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर आणून काढतात, जाळ घालणारा जळव्या चुलवाणात उसाचं वाळलेलं चिपाड सारत राहतो, आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. एक आदण, म्हणजे एका वेळी शिजणारा काहिलीभर रस, उतरायला दोन-तीन तास लागतात. पाक लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर काळपट पडतो, आणि बाजारात भाव रंगावर ठरतो. एवढं माहीत असलं की अडचणी कुठून येतील हे आपोआप दिसायला लागतं. माहीत नसेल तर तुम्ही अपघात आणि आजारपणाकडे वळणार, हे ठरलेलं.

## टप्पा १: एका वाक्यात माणूस, इच्छा, अडथळा आणि मुदत

वहीत एकच वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कोण आहे, त्याला काय हवंय, ते का मिळत नाही आणि कधीपर्यंत मिळायला हवं.

आपलं वाक्य असं: *मोतीबिंदूमुळे पाकाचा रंग ओळखू न येणाऱ्या ज्ञानूतात्या गुळव्याला, कुणाला कळू न देता हा हंगाम मार्चपर्यंत पार पाडायचाय.*

इच्छा बोटानं दाखवता येईल अशी ठेवा. ‘तात्याला सन्मान हवाय’ असं लिहिलंत तर पुढं काय घडवायचं ते सुचणार नाही. ‘हंगाम पार पाडायचाय’ म्हटलं की रोजचं प्रत्येक आदण ही परीक्षा होते.

सावधान: ‘२०१९ चा महापूर’ हा कथेचा विषय नाही, ती घटना आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरगंही सांगतं. चिखलीतल्या एका बाईला होडीत जागा आहे पण तिच्या म्हशीला नाही, इथं कथा सुरू होऊ शकते.

आणखी एक. वाक्य झालं की चिकित्सक वाचक होऊन त्याला भोक पाडायचा प्रयत्न करा. इथं पहिला प्रश्न येणारच: मग ऑपरेशन का करून घेत नाही? आजकाल माणूस सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी येतो. उत्तर तयार हवं. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्याला धूर आणि धूळ लागू द्यायची नाही. चुलवाणाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा म्हणजे हंगामच गेला. भोक बुजलं, आणि मुदतही पक्की झाली. पुष्कळदा असं होतं. शंकेचं उत्तर शोधताना कथेला खांब मिळतो.

## टप्पा २: निर्णय शोधा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो. खाऊ द्या. इथं दोन दिवस गेले तरी चालतील. इथं वाचवलेला वेळ पुढं दुपटीनं भरावा लागतो.

कथेचा परमोच्च बिंदू म्हणजे सगळ्यात मोठा आवाज होतो ती जागा, असा समज आहे. म्हणून मग भांडण, पूर, आग, हार्टअटॅक. माझ्या मते परमोच्च बिंदू म्हणजे मुख्य पात्र दोन गोष्टींतली एक निवडतं आणि दुसरी कायमची गमावतं तो क्षण. आवाज झाला नाही तरी चालतो.

निवड खरी असायला दोन अटी आहेत. दोन्ही वाटांना किंमत हवी. आणि एका वाटेनं गेल्यावर पहिल्या वाक्यातली इच्छा धोक्यात यायला हवी.

तात्याला डोळ्यानं दगा दिला, एक आदण काळं पडलं. मालक चिडला. त्यानं दोष दिला जळव्या पोराला: जाळ जास्त लावलास. पोराला हिशेब करून जायला सांगितलं. तात्याला ठाऊक आहे की जाळ बरोबर होता. बोलला तर हंगाम गेला, चार गावांतलं नाव गेलं. गप्प बसला तर हंगाम वाचतो आणि पोरगं जातं.

आता निर्णय ठरवा आणि तो कृतीत बसवा. ‘तात्यानं मालकाजवळ सगळं कबूल केलं’ हे पोलीस चौकीतल्या जबाबासारखं झालं. त्याऐवजी: पुढच्या आदणाला मालक शेजारी उभा आहे. पोरगं पिशवी भरून निघालंय. तात्या त्याला हाक मारतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, “रंग सांग रं, कसा आलाय?”

कबुली एवढीच. गुळव्यानं जळव्याला रंग विचारणं म्हणजे काय हे मालकाला कळतं आणि वाचकालाही. भाषणाची गरज राहत नाही.

तपासा: पात्रानं उलट निर्णय घेतला असता तरी तुमची कथा तशीच संपली असती का? असती, तर निर्णय अजून सापडलेला नाही.

सावधान: योगायोगानं संकट आणलं तर वाचक खपवून घेतो. योगायोगानं सुटका केली तर तो पुस्तक मिटतो. मालकाच्या मुलाला नेमकं त्याच दिवशी तात्याच्या पिशवीत डोळ्याच्या दवाखान्याचा कागद सापडतो, असलं काही करू नका. तात्याचा निर्णयच त्यात चोरीला जातो.

## टप्पा ३: घडलेलं आणि सांगायचं वेगळं करा

आता चिठ्ठ्या. पात्राच्या आयुष्यात जे जे घडलं ते, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं, एका चिठ्ठीवर एक.

१. तात्या तरुणपणी गुळव्याचं काम शिकला.
२. पावसाळ्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. घरी बोलला नाही.
३. दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं, नवं जळव्या पोरगं आलं.
४. तात्या पाकाची गोळी थंड पाण्यात टाकून, बोटांनी दाबून अंदाज घेऊ लागला.
५. पोरानं एकदा न विचारता रंग सांगितला, तात्यानं झापलं.
६. एक आदण मऊ राहिलं, कसंबसं निभावलं.
७. मालकानं थर्मामीटर आणायची गोष्ट काढली, तात्या भडकला.
८. एक आदण काळं पडलं.
९. पोराला काढलं.
१०. “रंग सांग रं.”

ही झाली घडलेल्याची यादी. ती म्हणजे कथानक नव्हे. कथानक म्हणजे यातलं काय सांगायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं आणि काय गाळायचं. नवे लेखक १ पासून १० पर्यंत सरळ चालत जातात आणि अर्धी कथा पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर खर्च करतात.

चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते मोठ्यानं म्हणून बघा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर सांधा पक्का. नुसतं ‘मग’ बसत असेल तर सांधा ढिला. लहान मूल शाळेतनं येऊन सांगतं ना, मग आम्ही डबा खाल्ला, मग पाऊस आला, मग बाई ओरडल्या, तसं. डोळा गेला *म्हणून* बोटांनी अंदाज घेतो. *पण* एक आदण मऊ राहतं. *म्हणून* मालक थर्मामीटरचं काढतो. *पण* तात्या त्याला अपमान मानतो. *म्हणून* शेवटची सोपी सुटका तो स्वतःच बंद करतो. शेवटचा सांधा मला चिठ्ठ्या मांडेपर्यंत दिसला नव्हता. थर्मामीटर आला असता तर आदण काळं पडलंच नसतं. म्हणजे पोराचं काम जाण्यात तात्याच्या अहंकाराचाही वाटा आहे. निर्णय आणखी जड झाला.

तपासा: एखादी चिठ्ठी उचलून बाजूला ठेवा. काहीच कोसळलं नाही? मग ती परत ठेवू नका. आमच्या यादीत पहिली चिठ्ठी अशीच गेली.

## टप्पा ४: सांगतंय कोण?

लेखनाला बसण्याआधी निवेदक पक्का करा. मध्येच बदलला तर सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि ते काम कंटाळवाणं असतं.

तात्या स्वतः ‘मी’ म्हणून सांगेल तर गुपित वाचकाला आधीच माहीत असतं आणि ताण राहतो तो ‘बोलेल का?’ याचा. जळव्या पोरगं सांगेल तर त्याला काहीच ठाऊक नाही. वाचकही त्याच्यासोबत चकित होतो, पण तात्याच्या पोटातली घालमेल हातची जाते. तिसरी वाट म्हणजे ‘तो’ वापरायचं, पण कॅमेरा तात्याच्या खांद्यावरून हलवायचा नाही. आपण तिसरी घेऊ.

एकदा घेतली की तिचे नियम पाळायचे. तात्याला जे दिसत नाही ते लिहायचं नाही. मोतीबिंदूत रंग फिके आणि पिवळसर दिसतात, म्हणजे या कथेत ‘सोनेरी पाक’, ‘तांबूस फेस’ असली विशेषणं बंद. वाटलं होतं त्याहून हे अवघड जातं. पण त्याच्या बदल्यात काय मिळतं बघा: उकळीचा बदलत जाणारा आवाज, तोंडावर येणारी वाफ, करपण्याच्या आधी येणारा वास, बोटांत दाबल्यावर गोळीचा लागणारा ताठरपणा. अडचण म्हणून स्वीकारलेला नियम कथेची भाषाच बदलून टाकतो. आणि शेवटी पोरगं तोंडानं रंग सांगतं, तेव्हा निवेदनानं इतका वेळ टाळलेला रंग कथेत येतो.

नेहमीची चूक: एकाच परिच्छेदात तात्याला वाईट वाटतं, मालकाला राग येतो आणि पोराला आईची आठवण येते. तिघांच्या डोक्यात फेरफटका. मालकाचा राग तात्याला कसा कळला? त्यानं पायातलं पायताण आपटलं म्हणून. तेवढंच लिहा.

बोलीबद्दल थोडं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद कोल्हापुरी बोलीत, ही रीत नव्या माणसाला सोपी जाते. बोली पूर्ण वापरायची तर पूर्ण कथेत वापरा. प्रत्येक वाक्यात ‘लई भारी’ आणि ‘नाद खुळा’ घातलं म्हणजे माणूस कोल्हापूरचा होत नाही, जाहिरातीतला होतो. एक शब्द एकाच पद्धतीनं लिहा: पहिल्या पानावर ‘न्हाई’ आणि तिसऱ्यावर ‘नाय’ असं नको.

## टप्पा ५: प्रसंग लिहा, मधलं सांगून टाका

आता लॅपटॉप उघडायला हरकत नाही. पण सुरुवात लिहू नका. आधी शेवटचा प्रसंग लिहा, मग त्याच्या आधीचा, असं मागं मागं या. विचित्र वाटेल. पण कुठं पोचायचंय ते कागदावर असलं की मधले प्रसंग भरकटत नाहीत.

कुठली चिठ्ठी प्रसंग म्हणून दाखवायची आणि कुठली एका ओळीत सांगायची? जिथं पात्राची परिस्थिती बदलते ते दाखवायचं. बाकीचं सांगायचं. ‘जानेवारी सरला, तात्याची बोटं भाजून टणक झाली’ या एका ओळीत महिना जातो. आणि “रंग सांग रं” च्या आधीची दोन मिनिटं दीड पान घेतील. वेळ घड्याळाप्रमाणे वाटू नका.

प्रत्येक प्रसंगासाठी वहीत दोनच ओळी: आत शिरताना पात्राला काय हवंय, बाहेर पडताना काय बदललंय. दुसरी ओळ रिकामी राहिली तर तो प्रसंग नाही, वर्णन आहे. दोघं गंगावेशीत दुधाचा ग्लास घेऊन गप्पा मारतात आणि घरी जातात, असे प्रसंग मला फार येतात. दूध चांगलंच असतं, पण बदललं काय?

अडचणी चढत्या ठेवा. मऊ राहिलेलं आदण, मग थर्मामीटर, मग काळं आदण. पहिलीत थोडे पैसे जातात, दुसरीत मान जाईल असं वाटतं, तिसरीत दुसऱ्या माणसाचं काम जातं. हा क्रम उलटा केला तर कथा उतारावर लागते.

सावधान, पिरॅमिडपासून: कथालेखनाच्या बहुतेक शिकवण्यांत एक त्रिकोण काढून दाखवतात, मधोमध टोक. तो गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली मांडला, आणि मांडला तो पाच अंकी नाटकासाठी. नाटकात टोकानंतर दोन अंक उतरायला मिळतात. तीन हजार शब्दांच्या कथेत टोक मध्यावर ठेवलंत तर पुढची दीड हजार शब्दांची उतरंड कोण वाचणार? आपल्या कथेत टोक शेवटच्या पानावर आहे, आणि उतार दोन-तीन ओळींचा.

## टप्पा ६: पेरणी

शेवटाला जे लागणार आहे ते आधी कुठंतरी पडलेलं असायला हवं. “रंग सांग रं” या वाक्याचं वजन कुठून येतं? पाचव्या चिठ्ठीतून. तिथं पोरगं भाबडेपणानं म्हणतं, “तात्या, पिवळा झालाय की,” आणि तात्या फिस्कारतो, “रंग मला सांगतोस व्हय रं?” हे वाचकानं आधी ऐकलेलं नसेल तर शेवट साधा प्रश्न वाटेल.

पेरताना झाकून पेरा. ते वाक्य एखाद्या दुसऱ्याच गडबडीत टाका: चिपाड ओलं निघालंय, मालक ओरडतोय, त्यात हे. त्याच्याभोवती ‘तात्याच्या मनात कसलीतरी पाल चुकचुकली’ असलं लिहिलंत तर वाचक ओळखून बसतो.

एका गोष्टीसाठी एक पेरणी पुरे. तीनदा सांगितलं की ती सूचना राहत नाही, पाटी होते.

## टप्पा ७: आता सुरुवात

शेवट झाला, प्रसंग झाले. आता पहिली ओळ. ती तिथंच हवी जिथं इच्छा आणि अडथळा एकमेकांसमोर आलेत. त्याआधीचं सगळं गाळा.

टाळायच्या सुरुवाती: सूर्योदय, गजर, आरशात बघणारं पात्र, देवळातली घंटा, पावसाळी संध्याकाळ आणि ‘ही गोष्ट आहे एका अशा माणसाची’. यातली एकही गोष्ट वाईट नाही. फक्त ती कुठल्याही कथेला लावता येते, आणि जी कुठल्याही कथेला लागते ती तुमच्या कथेची नसते.

आपली सुरुवात अशी होईल:

*गोळी पाण्यात पडली तेव्हा तात्यानं ती बघितली नाही. हात कोपरापर्यंत बुडवून त्यानं ती चाचपून शोधली आणि अंगठ्यानं दाबली. “आजून थोडं,” तो म्हणाला. जळव्या पोरगं त्याच्या तोंडाकडं बघत राहिलं.*

मोतीबिंदूचं नाव नाही, वय नाही, गाव नाही. पण हा माणूस हातानं का शोधतोय, हा प्रश्न पडला. पूर्वकथा आता सांगता येते, कारण वाचकानं ती मागितलीय. तीही तीन ओळींत, आणि दुसऱ्या प्रसंगाच्या आधी नको.

## टप्पा ८: शेवटाची छाटणी आणि मोठ्यानं वाचन

आता शेवटचा परिच्छेद बोटानं झाका. कथा तरी पूर्ण वाटते? मग तो काढा. आणखी एक झाका. आमच्या गच्चीवर येणाऱ्या कथांचे निदान दोन परिच्छेद असे जातात. लेखकाला भीती असते की वाचकाला कळणार नाही, म्हणून तो मालकाला रडवतो, तात्याचं ऑपरेशन करून टाकतो, पोराला पुढच्या हंगामात गुळव्या करतो. आपल्या कथेत तात्याच्या प्रश्नानंतर पोरगं पिशवी खाली ठेवतं, काहिलीत वाकून बघतं आणि रंग सांगतं. मालक काय म्हणाला ते लिहायचं नाही.

मग आठ दिवस कथा बंद ठेवा. नवव्या दिवशी घरातल्या सगळ्यात कमी सहनशील माणसाला बसवून मोठ्यानं वाचा. मत विचारू नका, घरचे लोक चांगलंच म्हणतात. तो ज्या ओळीला मोबाईल हातात घेईल, त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं फुली मारा आणि वाचत राहा. चूक बहुतेक वेळा फुलीच्या ओळीवर नसते. त्याच्या आधीच्या अर्ध्या पानात, जिथं ‘म्हणून’ किंवा ‘पण’ सुटून नुसतं ‘मग’ राहिलेलं असतं, तिथं असते. चिठ्ठ्या फेकल्या नसतील तर तोच सांधा पुन्हा जमिनीवर मांडा.